बिघडलेला ड्राइव्ह आणि आपली अमानत

(तरुण कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला 'डिजिटल साधनं आणि चळवळ' असा ऐसपैस विषय दिला होता. मी तो लहान करून घेतलाय. आज मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे: तळहातावर मावणारा, यूएसबीने जोडायचा एसएसडी ड्राइव्ह. तो बिघडायला लागला तर लिनक्सवर काय करायचं, कशाच्या आधी काय करायचं, आणि कशाला हातच लावायचा नाही, एवढंच.

हा विषय घ्यायला कारण आहे. आपल्या गटातल्या मुलींनी दीड वर्ष एक काम केलं. तोंडी तलाक झालेल्या, पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बायकांच्या मुलाखती त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. एकूण ४१ मुलाखती. सोबत निकाहनामे, वकिलांच्या नोटिसा, कोर्टाचे कागद स्कॅन केलेले. बहुतेक बायकांची एकच अट होती: आम्हाला विचारल्याशिवाय हे कुणाला दाखवायचं नाही. मोबाइल भरला की रेकॉर्डिंग ड्राइव्हवर घ्यायचं आणि मोबाइलमधून पुसून टाकायचं, अशी आपली पद्धत होती. म्हणजे सगळ्याची मिळून प्रत एकच.

एका संध्याकाळी एक फाइल कॉपी होता होता पट्टी मध्येच थांबली. ड्राइव्ह गायब झाला, परत आला, परत गायब. मला फोन येईपर्यंत तासाभरात पाच जणांनी आपापलं डोकं चालवलं होतं. कुणी वायर सात वेळा काढून घातली. कुणी म्हणालं व्हायरस आहे. एकाने तो विंडोजच्या लॅपटॉपला लावला आणि 'स्कॅन अँड फिक्स' लिहिलेल्या बटणावर त्याचं बोट होतं, तेव्हा मी फोनवर ओरडलो, "हात काढ!" आणि एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं होतं. आदल्या दिवशी बारावीतल्या एका पोराने 'इजेक्ट' न करता ड्राइव्ह ओढून काढला होता. त्यामुळे गुन्हेगार सापडला होता. पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

त्या पोराकडे मी शेवटी येतो. आधी ड्राइव्ह.

पहिली गोष्ट: लिहिणं थांबवा

बिघडत्या ड्राइव्हवर एकही नवीन अक्षर लिहायचं नाही. दुरुस्तीसुद्धा लिहिणंच असतं, हे आपण विसरतो. विंडोजचं ते बटण, लिनक्सवरची एफएससीके नावाची कमांड, ही दोन्ही फाइलींचा हिशेब जुळवायला ड्राइव्हवर लिहितात. ड्राइव्ह ठणठणीत असेल तर ते उपयोगी. पण ज्याला वाचतानाच धाप लागते आहे, त्याच्यावर दुरुस्ती चालवली तर चुकीच्या वाचनाच्या आधारे चुकीचा हिशेब लिहिला जातो आणि जे शाबूत होतं तेही हरवतं. फॉरमॅटचं तर नावच नको.

एसएसडीची आणखी एक गोष्ट आहे. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळायची, कारण तिथला मजकूर तसाच पडून असायचा. एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना जाते: हे कप्पे आता मोकळे आहेत, सवडीने साफ कर. ती गेली की तो मजकूर बहुधा कायमचा गेला.

लिनक्सवर ड्राइव्ह जोडला की तो बहुतेक वेळा आपोआप उघडतो, म्हणजे माउंट होतो. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केला म्हणून निर्धास्त होऊ नका. ईएक्सटी-४ प्रकारचा ड्राइव्ह तसा उघडला तरी आपली अर्धवट राहिलेली नोंदवही पूर्ण करायला थोडं लिहितो. ते टाळायला माउंट करताना 'आरओ' सोबत 'नोलोड' हा शब्द द्यावा लागतो. आपल्याला मात्र सध्या तो माउंट करायचाच नाहीये.

डब्यात काय असतं

बाहेरून एक डबी दिसते, आत बहुधा तीन गोष्टी असतात. एक, खुद्द एसएसडी: स्मृतीच्या चिप आणि त्यांचा कारभार बघणारा कंट्रोलर. दोन, पुलाचं काम करणारी चिप, जी एसएसडीची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलते. तीन, वायर आणि तिच्यातून येणारी वीज. काही नव्या ड्राइव्हमध्ये पूल वेगळा नसतो, सगळं एकाच पट्टीवर असतं.

'ड्राइव्ह गेला' असं आपण म्हणतो तेव्हा या तिघांपैकी नेमकं कोण गेलं हे शोधायचं असतं. वायर गेली असेल तर खर्च दोनशे-तीनशे रुपये. पूल गेला असेल आणि आत सुटा एसएसडी असेल तर नव्या डबीत घालून काम भागतं. खुद्द एसएसडी गेला असेल तर घाई आहे. लक्षण तिन्हींचं सारखंच दिसतं: ड्राइव्ह गायब होतो.

कर्नल काय म्हणतं ते वाचा

लिनक्सची मला आवडणारी गोष्ट ही, की ते लपवत नाही. आत काय घडतंय ते सगळं लिहून ठेवतं. कमांड मी अक्षरं सुटी करून सांगतो, टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि सलग लिहायची. पुढे 'सुडो' हा शब्द, म्हणजे मालकाच्या अधिकाराने. 'सुडो डी-एम-ई-एस-जी' आणि मोकळी जागा सोडून 'डॅश डब्ल्यू'. आता टर्मिनल उघडं ठेवून ड्राइव्ह जोडा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ओळीमागून ओळ सांगायला लागेल.

या ओळींचे ढोबळमानाने दोन गट पाडता येतात.

पहिल्या गटात 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस', 'यूएसबी डिस्कनेक्ट', 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि त्यापुढे 'एरर उणे ७१' किंवा 'उणे ११०' असे शब्द येतात. उणे ७१ म्हणजे बोलणं विस्कटलं, उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. हे सगळे रस्त्यावरचे अपघात आहेत. संशय वायर, पोर्ट, हब, वीज आणि पूल यांच्यावर घ्यायचा. जुना यूएसबी-२ पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो, यूएसबी-३ पोर्ट ९००. एसएसडीला जोरात काम करताना यापेक्षा जास्त लागू शकते. वीज न लागणाऱ्या स्वस्त हबमध्ये माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह आणि एसएसडी एकत्र कोंबले तर भूक कुणाचीच भागत नाही.

दुसऱ्या गटात 'क्रिटिकल मीडियम एरर', 'अनरिकव्हर्ड रीड एरर' असे शब्द आणि त्यापुढे सेक्टरचा आकडा येतो. हा घरातला आजार आहे. रस्ता ठीक आहे, पण एसएसडीला स्वतःच्याच चिपमधलं वाचता येत नाहीये. तोच सेक्टर पुन्हापुन्हा येत असेल तर शंका उरत नाही.

नुसतं 'आय-ओ एरर' एवढंच दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका. ती ओळ दोन्ही गटांत येते.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी वायर बदला, लॉग बघा. मग पोर्ट बदला, हब काढा, लॉग बघा. मग दुसरा संगणक. सगळं एकदम बदललं आणि ड्राइव्ह चालू झाला, तर कशामुळे चालू झाला हे कळत नाही आणि आठवड्याने तोच प्रसंग पुन्हा येतो.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. 'एलएस-यूएसबी डॅश टी' ही कमांड ड्राइव्ह कोणत्या वेगाने आणि कोणत्या ड्रायव्हरने जोडलाय ते दाखवते. तिथे 'यूएएस' दिसलं आणि लॉगमध्ये 'यूएएस' नावाच्या तक्रारी असतील, तर काही पुलांचं त्या वेगवान पद्धतीशी जमत नाही. त्या ड्राइव्हपुरती ती पद्धत कर्नलच्या 'क्वर्क्स' सेटिंगमधून बंद करून जुन्या पद्धतीने चालवता येते. वेग कमी होतो, पण ड्राइव्ह स्थिर होऊ शकतो.

आपल्या ड्राइव्हच्या लॉगमध्ये सुरुवातीला नुसते रीसेट होते. वायर बदलली, रीसेट थांबले. खोलीत टाळ्या पडल्या. मी म्हटलं, थांबा. दहा मिनिटांनी 'क्रिटिकल मीडियम एरर' आला. म्हणजे आजार दोन होते, एकाच्या मागे दुसरा लपलेला. वायर खराब होतीच, पण आतला एसएसडीही चालला होता. पहिलं उत्तर सापडलं की आपण शोध थांबवतो, ही सवय फक्त संगणकाच्या बाबतीत नसते.

'पास' म्हणजे पास नाही

यानंतर ड्राइव्हलाच त्याची प्रकृती विचारायची. 'स्मार्ट-सीटीएल' नावाचं साधन आहे, स्मार्टमॉनटूल्स या पॅकेजमध्ये मिळतं. त्याला 'डॅश ए' द्यायचं. पूल मध्ये असल्यामुळे कधीकधी उत्तर येत नाही, मग 'डॅश डी सॅट' असं जोडायचं. आत एनव्हीएमई प्रकारचा एसएसडी असेल तर पुलाच्या कंपनीप्रमाणे वेगळा शब्द लागतो, तो त्याच्या मदतपानावर दिलेला आहे.

उत्तरात वरच 'पास्ड' लिहिलेलं असतं आणि लोक तिथेच थांबतात. आपल्या ड्राइव्हनेही 'पास्ड' लिहिलं होतं. खाली 'रिपोर्टेड अनकरेक्ट' या ओळीत ४८ आकडा होता. म्हणजे ४८ वेळा त्याला स्वतःची चूक सुधारता आली नव्हती. बघायचे आकडे हे: 'रीअलोकेटेड', म्हणजे किती खराब जागा बाद करून राखीव जागा वापरल्या, 'अनकरेक्टेबल', म्हणजे किती वाचनं फसली, एनव्हीएमईमध्ये 'अव्हेलेबल स्पेअर', 'पर्सेंटेज यूज्ड' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स'. 'सीआरसी एरर' वाढत असेल तर एसएसडी आणि पूल यांच्यातला जोड बघा. बाहेरची यूएसबी वायर त्या आकड्यात मोजली जात नाही.

आणि हे सगळे आकडे चांगले असले तरी एसएसडी एका सकाळी उठतच नाही, असंही होतं. जुनी हार्ड डिस्क कुरकुर आवाज करून कल्पना द्यायची. इथे कंट्रोलर बंद पडला की आवाजही येत नाही.

आधी प्रत, मग बाकी सगळं

आजार घरातला आहे हे कळलं की आणखी तपासत बसायचं नाही. प्रत्येक वाचन कदाचित शेवटचं आहे असं समजून प्रत काढायची. फाइल मॅनेजर उघडून ओढून-टाकून कॉपी करायची नाही. तो पहिल्या खराब जागेवर अडकतो आणि तिथेच डोकं आपटत बसतो.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू आहे. उबुंटू आणि डेबियनमध्ये पॅकेजच्या नावाआधी एक 'जी' लागतो, कमांडच्या नावात तो नसतो. याची अक्कल अशी, की आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलायचं, अवघड जागा बाजूला ठेवायच्या आणि शेवटी त्यांच्याकडे वळायचं. जळत्या घरात शिरल्यावर आपण आधी माणसं बाहेर काढतो, कुलूपबंद कपाट फोडत बसत नाही, तसंच.

तयारी अशी. मूळ ड्राइव्हपेक्षा मोठी, धडधाकट, रिकामी डिस्क घ्या. आपण दोन टीबीची साधी हार्ड डिस्क उसनी आणली. ती ईएक्सटी-४ करून घ्या, कारण फॅट-३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. 'एल-एस-बी-एल-के' कमांडने दोन्ही डिस्कची नावं नीट बघा. एक टीबीचा ड्राइव्ह तिथे ९३१.५ जी असा दिसतो, घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. नाव दोनदा वाचा, शेजारच्याकडून वाचून घ्या. इथे उलटसुलट झालं तर आजारी ड्राइव्हवर रिकामी डिस्क ओतली जाते. त्यावर उपाय म्हणून 'ब्लॉकडेव्ह' कमांडला दोन डॅश आणि 'सेट-आरओ' देऊन मूळ ड्राइव्हला लिहायची बंदी करा. ड्राइव्ह निघून परत आला की ही बंदी पुन्हा घालावी लागते.

मग डीडीरेस्क्यूला क्रमाने द्या: 'डॅश डी', 'डॅश एन', मूळ ड्राइव्ह, प्रतिमेच्या फाइलचं नाव आणि नकाशाच्या फाइलचं नाव. आधी कुठून, मग कुठे. मूळ ड्राइव्हसाठी 'एसडीबी' असं नाव देण्यापेक्षा 'डिस्क बाय आयडी' या फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या, कारण ड्राइव्ह गायब होऊन परत आला तर 'एसडीबी'चा 'एसडीसी' होऊ शकतो. नकाशाची फाइल जिवापाड जपा. काय वाचलं, काय राहिलं हे तीत असतं. मध्ये ड्राइव्ह निघाला, लाइट गेली, तरी तीच कमांड त्याच नकाशासह पुन्हा दिली की काम सोडलं तिथून पुढे सुरू होतं. पहिली फेरी झाल्यावर 'डॅश एन' काढून 'डॅश आर तीन' द्या, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न.

आपली पहिली फेरी पाच तास चालली. खोलीत उकडत होतं आणि ड्राइव्ह चटका बसेल इतका तापला होता, म्हणून टेबल फॅन माणसांकडून काढून ड्राइव्हकडे वळवला. फ्रीजमध्ये ठेवणं, टिचकी मारणं हे जुने नुस्खे एसएसडीला लागू नाहीत. आत फिरणारं काही नाही, आणि फ्रीजमधून काढल्यावर ओल मात्र धरते. पहाटे फेऱ्या संपल्या तेव्हा न वाचलेला भाग उरला होता १.४ एमबी. ९३१ जीबीमधला १.४ एमबी. सगळे खूश झाले.

मी नव्हतो. १.४ एमबी कुणाच्या वाट्याचा आहे, हे अजून कळायचं होतं.

कुणाच्या वाट्याचा

आता मूळ ड्राइव्ह काढून बाजूला ठेवला. पुढची सगळी झटापट प्रतिमेच्याही प्रतीवर. काही बिघडलं तर पुन्हा मागे येता येतं. एफएससीके चालवायचीच असेल तर इथे चालवा, पुसलेल्या फाइली शोधायला टेस्टडिस्क, फोटोरेक वापरायचं तर इथेच.

कोणत्या फाइलींना मार बसला हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. डीडीरेस्क्यूला 'फिल मोड'मध्ये नकाशा देऊन सांगता येतं, की या प्रतीत जिथे जिथे वाचता आलं नाही तिथे एक ठरावीक खूण लिही. मग प्रत माउंट करून 'ग्रेप'ने ती खूण असलेल्या फाइली शोधायच्या. आपल्याला सात सापडल्या. चार स्कॅन होते, ते मूळ कागदांवरून पुन्हा करता आले. तीन मुलाखती होत्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी ४१ पैकी एकही मुलाखत ऐकली नाही. त्या बायकांनी परवानगी मुलाखत घेणाऱ्या मुलींना दिली होती, मला नव्हे. व्हिडिओ शाबूत आहे का हे न ऐकता तपासता येतं. एफएफएमपेग फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडतं, निकाल कुठेच साठवत नाही, फक्त चुका तेवढ्या सांगतं. तांत्रिक कामात दुसऱ्याचं गुपित बघावंच लागतं, असं कुणी म्हणालं तर आधी विचारा: खरंच लागतं का?

दोन मुलाखतींत मधले काही सेकंद गेले होते. तिसरी उघडतच नव्हती. मोबाइलच्या एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा फाइलच्या शेवटी असते आणि खराब जागा नेमकी तिथे आली होती. आख्खं पुस्तक शाबूत, पण शिवण उसवलेली. अशा वेळी 'अनट्रंक' नावाचं साधन त्याच मोबाइलची एखादी धड फाइल नमुना म्हणून घेऊन अनुक्रमणिका नव्याने रचायचा प्रयत्न करतं. बराचसा भाग परत आला. शेवटची अकरा मिनिटं आली नाहीत.

पोराचं काय झालं

आता कोपऱ्यातला पोरगा. लिनक्स आपला लॉग संगणक बंद केल्यावरही जपून ठेवतं, निदान उबुंटूसारख्या वितरणांत. 'जर्नल-सीटीएल डॅश के डॅश बी' आणि पुढे उणे एक, उणे दोन असं देत मागच्या मागच्या सुरुवातींचे लॉग वाचता येतात. मी मागे मागे गेलो. पहिला 'क्रिटिकल मीडियम एरर' २६ दिवसांपूर्वीचा होता. पोराने ड्राइव्ह ओढला त्याच्या २५ दिवस आधीचा. त्या २६ दिवसांत आपल्या पाच-सहा जणांनी तोच लॅपटॉप वापरला, 'कॉपी झाली नाही, परत केली तर झाली' असं एकमेकांना सांगितलं आणि पुढे गेलो.

इजेक्ट न करता ड्राइव्ह काढणं चूकच. लिनक्सवर पट्टी १०० टक्के झाली तरी थोडा मजकूर संगणकाच्या स्मृतीत थांबलेला असतो, तो उतरायच्या आत ओढला तर फाइल अर्धवट राहते. ड्राइव्ह दुकानातून येतो तेव्हा बहुधा एक्स-फॅट असतो, आणि त्याला ईएक्सटी-४ सारखी नोंदवही नसते, म्हणून तिथे धोका जास्त. पण ओढून काढल्याने २५ दिवस आधी चिप खराब होत नाही. आपण पुराव्याआधी आरोपी ठरवला. दुसरे आपल्याशी असं वागतात तेव्हा आपल्याला किती लागतं, हे या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मी सगळ्यांसमोर ती तारीख मोठ्याने वाचली. पोरगा अजून गटात आहे, आणि आता लॉग तोच वाचतो.

केव्हा थांबायचं

प्रत्येक ड्राइव्ह घरी वाचत नाही. ड्राइव्ह 'एलएस-यूएसबी'मध्ये दिसतच नसेल, किंवा दिसतो पण आकार शून्य दाखवतो, तर वायर आणि पोर्ट बदलून बघा आणि थांबा. पुढचं काम प्रयोगशाळेचं. तिथेही खात्री नसते. पुष्कळ एसएसडीत कंट्रोलर स्वतःच सगळा मजकूर कूटबद्ध करून चिपवर ठेवतो, पासवर्ड दिला नसला तरी. कंट्रोलर मेला तर चिप काढून वाचल्या तरी हाती भुसा येतो.

आणि दुकानात देण्याआधी विचार करा की आत काय आहे. आपल्या ड्राइव्हची वॉरंटी चालू होती. नवा फुकट मिळाला असता. पण जुना परत द्यावा लागला असता, आणि त्यात ४१ बायकांचं आयुष्य उघडं होतं. बिघडत्या एसएसडीवरून सगळं पुसलं गेलंय याची खात्री देता येत नाही. आपण वॉरंटी सोडली आणि चिप हातोडीने फोडल्या. ड्राइव्ह पहिल्या दिवशीच 'लक्स' पद्धतीने कूटबद्ध केला असता तर तो निश्चिंतपणे देता आला असता. ही चूक माझी, कारण मला ते माहीत होतं आणि मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही.

शेवटची अकरा मिनिटं

ज्या खालांची मुलाखत अर्धवट राहिली त्यांच्याकडे मुलाखत घेणारी मुलगी आणि मी गेलो. आम्ही खरं काय ते सांगितलं. चहा झाला. शेवटचा भाग पुन्हा रेकॉर्ड करू का, असं तिने विचारलं. खाला बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एक बार बोली ना बेटी. अब नक्को." रागावल्या नव्हत्या. पण त्या एकदाच बोलू शकत होत्या, आणि बोलल्या होत्या.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. आज साठ वर्षांनी आपण त्याबद्दल बोलतो, कारण कुणीतरी ते लिहिलं, छापलं आणि जपलं. कागदाला वाळवी लागायची, तरी एका अंकाच्या पाचशे प्रती पाचशे घरांत असायच्या. आपल्याकडे एक टीबी आहे आणि प्रत एक आहे.

म्हणून घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. मूळ पुसण्याआधी 'शा-२५६-सम'ने दोन्ही प्रतींचा ठसा जुळवून बघा. आणि तीन महिन्यांतून एकदा एखादी फाइल प्रतीतून उघडून दाखवा. जी कधी उघडून पाहिली नाही ती प्रत आहे असं धरू नका. एसएसडी कपाटात ठेवून विसरू नका. त्याच्या चिपमधला विजेचा भार हळूहळू झिरपतो. आयुष्य वापरून झालेल्या साध्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात मजकूर एक वर्ष टिकवावा, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. आपल्याकडचा मे महिना ३० अंशांवर थांबत नाही. आणि ऑनलाइन बाजारात हजार रुपयांत सोळा टीबीचा एसएसडी दिसला तर तो खोटा आहे. घेऊन बसलाच असाल तर 'एफ-थ्री' नावाच्या साधनाने त्याची खरी जागा मोजा, आणि तीही त्यात काही ठेवण्याआधी.

आपल्याकडे अमानत हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. शेजारणीने दिलेले दागिने, हजला गेलेल्या माणसाच्या घराची किल्ली. कुणी विश्वासाने आपल्या हातात दिलेलं जसंच्या तसं सांभाळायचं. खालांनी आपल्याला दागिने दिले नव्हते, पाऊण तास दिला होता. त्यातली अकरा मिनिटं आपण परत देऊ शकलो नाही.

बाकीच्या ४० जणींच्या आता तीन-तीन प्रती आहेत.